दिशा धरणारी तार



दूरचें ऐकूं यावें म्हणून काय करावें, असें कोणालाहि विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: मोठा संच घ्यावा, त्याची शक्ति वाढवावी, पैसा जरा सढळ हातानें खर्च करावा. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अर्धें आहे. उरलेलें अर्धें उत्तर बाजारांत विकत मिळत नाहीं. तें असें कीं, दूरचें ऐकावयाचें असेल तर आधीं एक दिशा निवडावी लागते, आणि बाकीच्या दिशांकडे पाठ फिरवावी लागते. अशी एकाच दिशेकडे कान लावणारी एरियल, म्हणजे हल्लींच्या भाषेंतील अँटेना, घरच्या घरीं साध्या तांब्याच्या तारेनें कशी बांधावी, हें आज मी सांगणार आहें. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना शिकवीत ज्याचें आयुष्य गेलें, असा एक सेवानिवृत्त मास्तर आहें. तेव्हां गणित मी त्रैराशिकाच्या पलीकडे नेणार नाहीं, आणि सामानहि वणी, पुसद, दारव्ह्याच्या बाजारांत मिळेल तेवढेंच सांगेन.

आपल्या भागांतील वडीलधाऱ्या मंडळींना कवेलूवरून ताणलेल्या तारा आठवत असतील. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि पुढें कित्येक वर्षें कोलंबो स्पष्ट ऐकूं यावें म्हणून घरोघर तारेची खटपट चाले. कोणी ती आढ्यावरून नेई, कोणी अंगणांतल्या निंबाला बांधी. तार लांब असावी आणि उंच असावी, एवढें सर्वांना ठाऊक होतें. पण कोलंबो आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेस आहे, तेव्हां तार कोणत्या अंगानें ताणावी, हा विचार फार थोड्यांनीं केला असेल. तार म्हणजे लहरी गोळा करणारी झोळी. झोळी जितकी मोठी तितकें दान अधिक, अशीच सर्वसाधारण समजूत होती. वास्तविक तार ही झोळी नसून कान आहे, आणि कान कोणीकडे केला आहे याला महत्त्व असतें.

ही गोष्ट किती मोलाची आहे, याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी संदेशांची नवी सेवा सुरू झाली. संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस होतें आणि घेण्याचें केंद्र दौंडला. इंग्लंडांत ग्रिम्स्बीजवळून सुटलेला संदेश दौंडला उतरे. खडकीहून सुटलेला संदेश तिकडे स्केगनेसजवळ घेतला जाई. साम्राज्यभर बिनतारी ठाणीं उभारण्याच्या आधींच्या योजना लांब लहरींच्या, प्रचंड शक्तीच्या आणि तितक्याच प्रचंड खर्चाच्या होत्या. मार्कोनी कंपनीच्या फ्रँक्लिन नांवाच्या इंजिनिअरानें वेगळी वाट काढली. त्यानें आखूड लहरी घेतल्या, उंच खांबांवरून उभ्या तारांचा पडदा सोडला, आणि त्या पडद्याच्या मागें तारांचा दुसरा पडदा टांगला. कंदिलाच्या मागें चकचकीत पत्रा लावला म्हणजे सारा उजेड जसा पुढें पडतो, तसा हा मागचा पडदा सगळी शक्ति एका बाजूस लोटीत असे. खर्च इतका कमी आणि काम इतकें जलद होऊं लागलें कीं, समुद्राच्या तळाशीं तारा टाकणाऱ्या जुन्या कंपन्यांचा धंदा डळमळला, आणि १९२८ सालीं लंडनमध्यें परिषद भरवून दोन्ही व्यवसाय एकत्र करण्याचा विचार करावा लागला.

याच १९२७ सालीं, २३ जुलै रोजीं, मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मुंबईचें केंद्र आपला आवाज चोहोंकडे उधळीत होतें, कारण तो सर्वांनीं ऐकावा हाच त्याचा हेतु. दौंडची तार मात्र सगळ्या जगाकडे पाठ करून एका इंग्लंडकडे कान लावून उभी होती. सर्वांना सांगावयाचें कीं एकाचें ऐकावयाचें, यावरून तारेचें रूप ठरतें. आपण आज जी तार बांधणार आहों, ती दौंडच्या पडद्याची अगदीं धाकटी बहीण समजावी.

दिशेची ही विद्या दुधारी आहे, हेंहि आपल्या लोकांनीं अनुभविलें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुंबईंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं काँग्रेस रेडिओ हें गुप्त केंद्र चालू केलें. त्याची लहर ४२.३४ मीटरांची. ज्या लहरीनें तें केंद्र देशाला बातम्या देई, तीच लहर तें कोठें आहे हेंहि दिशाशोधक यंत्राला सांगत असे. म्हणून जागा पुनःपुन्हां बदलाव्या लागल्या, आणि अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं मंडळी पकडलीं गेलीं. बोलणाऱ्याची दिशा लपत नाहीं. ऐकणाऱ्याची मात्र कोणाला कळत नाहीं.

याची प्रचीति आपण आज घरीं घेऊं शकतां. एक साधा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरीवर नागपूर किंवा जें केंद्र लागेल तें लावा, आणि संच टेबलावर आडवा ठेवून सावकाश फिरवा. एका विशिष्ट स्थितींत आवाज एकदम खालीं जाईल. संचाच्या आंत काळसर रंगाची एक कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. त्या कांडीचें टोंक केंद्राच्या रोखानें आलें कीं आवाज बुडतो. मौज अशी कीं, आवाज सर्वांत मोठा कोठें आहे हें नक्की सांगतां येत नाहीं, पण तो कोठें बुडतो हें अगदीं बारकाईनें सांगतां येतें. दिशा शोधणारे नेहमीं हा बुडण्याचा बिंदुच धरतात.

आतां आपल्या तारेचें तत्त्व पाहूं. मुलांच्या झोक्याचा दृष्टांत घ्यावा. झोक्याची दोरी जितकी लांब तितका तो सावकाश हालतो. प्रत्येक दोरीची एक ठरलेली लय असते. त्या लयींत हलका धक्का दिला तरी झोका आभाळाला लागतो, आणि लय चुकवून कितीहि जोरानें ढकललें तरी तो अडखळतो. तारेचेंहि असेंच आहे. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारें निम्मी असली कीं ती लहर तिच्यांत लयींत झुलूं लागते. अशी एक आडवी तार ताणली तर तिच्या दोन्ही बाजूंनीं, म्हणजे तारेशीं काटकोन करून येणाऱ्या लहरी तिला चांगल्या ऐकूं येतात. तिच्या दोन टोंकांकडून येणाऱ्या फारशा ऐकूं येत नाहींत. म्हणजे नुसत्या एका तारेलाहि दिशा असते; मात्र समोरचें आणि पाठीमागचें तिला सारखेंच.

हा पाठीमागचा कान बंद करण्यासाठीं दुसरी तार हवी. ती पहिलीहून किंचित लांब ठेवावयाची आणि पहिलीच्या मागें, तिला समांतर, कांहीं अंतरावर ताणावयाची. तिला केबल जोडावयाची नाहीं. ती मोकळीच असते. समोरून आलेली लहर पहिल्या तारेवरून पुढें जाते, मागच्या तारेला झुलविते, आणि ती तार आपल्याकडून लहर परत फेंकते. परत आलेली ही लहर पहिल्या तारेला नेमका लयींतला धक्का देते. पाठीमागून आलेल्या लहरीच्या वेळीं उलट होतें. दोन धक्के एकमेकांविरुद्ध पडतात आणि झोका थांबतो. या मागच्या तारेला आपण परावर्तक तार म्हणूं. मुख्य तारेच्या पुढें आणखी आखूड तारा लावल्या तर दिशा अधिक धारदार होते; १९२६ सालीं जपानांतील सेंदाई येथें उदा आणि यागी या दोन विद्वानांनीं ही रचना जगापुढें मांडली. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळांत गच्च्यांवर माशाच्या कांट्यासारख्या ज्या अँटेना दिसत, त्या याच घराण्यांतल्या. आपल्याला दोन तारा पुरे आहेत.

आतां आंकडे सांगतों, कागद-पेन्सिल घ्यावी. आपण २७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारें ११ मीटर लहरींचा पट्टा घेऊं. अमेरिकेंत हा पट्टा १९५८ सालीं सामान्य नागरिकांना बोलण्यासाठीं खुला झाला, म्हणून त्याला सिटिझन बँड किंवा नुसतें सीबी म्हणतात. पुढें तो मालमोटारी चालविणाऱ्यांचा आवडता झाला. लहरीची लांबी काढावयाची तर ३०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें. २७.२ नें भागलें तर ११ मीटर ३ सेंटिमीटर येतात. तार मात्र बरोबर निम्मी नसते, किंचित आखूड असते. म्हणून मुख्य तारेसाठीं १४३ ला २७.२ नें भागावें. उत्तर ५ मीटर २६ सेंटिमीटर. या तारेचे मध्यावर दोन तुकडे करावयाचे, प्रत्येक २ मीटर ६३ सेंटिमीटरांचा. परावर्तक तारेसाठीं १५० ला २७.२ नें भागावें. उत्तर ५ मीटर ५१ सेंटिमीटर. ही अखंड ठेवावयाची. दोन तारांमधलें अंतर २ मीटर. ही मापें उघड्या तांब्याच्या तारेचीं आहेत. घरांतील वायरिंगची, प्लॅस्टिकचें वेष्टण असलेली तार घेतली तर प्रत्येक माप शेंकडा तीननें कमी करावें. म्हणजे मुख्य तार ५ मीटर १० सेंटिमीटर, परावर्तक ५ मीटर ३५ सेंटिमीटर. वेष्टणामुळें लहर तारेवरून थोडी सावकाश चालते, त्याचा हा परिणाम. टोंकाशीं गांठ मारण्यासाठीं जी तार दुमडावी लागते, ती या मापाहून वेगळी धरावी.

बांधणी अशी. दोन-सवादोन मीटरांचे दोन हलके, वाळलेले बांबू घ्यावेत. खाटेच्या चौकटीची कल्पना करा: दोन बांबू म्हणजे चौकटीच्या आखूड बाजू, दोन तारा म्हणजे लांब बाजू. तारांचीं टोंकें थेट बांबूला बांधूं नयेत. पावसांत बांबू भिजतो. प्रत्येक टोंकाशीं प्लॅस्टिकची पट्टी किंवा चिनी मातीचा लहान इन्सुलेटर घालून पुढें नायलॉनची दोरी बांधावी. सुतळी वापरूं नये. ती भिजली कीं आंखडते आणि वाळली कीं ढिली पडते. मुख्य तारेच्या मध्यावर, दोन तुकड्यांच्या मधें, तशीच एक पट्टी घालावी, आणि तेथें टीव्हीची गोल, जाड केबल जोडावी: मधली तार एका तुकड्याला, भोंवतालची जाळी दुसऱ्या तुकड्याला. सांध्यावर पाणी जाणार नाहीं असा बंदोबस्त करावा, कारण केबलच्या आंत एकदां पाणी शिरलें कीं ती वर्षभरांत निकामी होते. सांध्याच्या लगेच खालीं केबलचीं वीतभर व्यासाचीं सहा-सात वेटोळीं करून तीं बांधून टाकावीत. यानें केबलच्या बाहेरच्या अंगावरून घरांतला कचरा वर चढत नाहीं. मग प्रत्येक बांबूच्या दोन्ही टोंकांना दोरी बांधून, तिच्या मध्यावरून ही चौकट दोन खांबांच्या मधें आडवी ताणावी. खांब सागाच्या बल्ल्यांचे चालतील. यवतमाळ जिल्ह्यांत त्यांसाठीं दूर जावें लागत नाहीं. जमिनीपासून उंची निदान साडेपांच-सहा मीटर असावी. दुरून येणारी लहर क्षितिजाजवळून, तिरकस येते. तार खालीं असली तर ती डोक्यावरून येणारें अधिक ऐकते आणि क्षितिजाकडचें कमी. एवढी रचना नीट साधली तर समोरचें एकट्या तारेच्या सुमारें अडीचपट शक्तीनें येतें, आणि पाठीमागचें समोरच्या मानानें दहाव्या हिश्शावर उतरतें.

येथें दोन ताकिदी दिल्यावांचून मी पुढें जाणार नाहीं, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. पहिली विजेच्या तारांची. खांब किंवा चौकट कोणत्याहि बाजूस कोलमडली तरी ती विजेच्या तारेला लागणार नाहीं, इतकें अंतर आधीं मोजून घ्यावें. विजेच्या खांबाचा आधार तर कधींच घेऊं नये. दुसरी आकाशांतल्या विजेची. वऱ्हाडांत वळवाच्या आणि मृगाच्या दिवसांत ढग केव्हां जमतील याचा नेम नसतो. ढगांचा गडगडाट दुरून ऐकूं येऊं लागला कीं मग केबल सोडावयास जाणें म्हणजे संकटाला हात घालणें होय. म्हणून केबलचें टोंक वापर संपतांच रोज संचापासून सोडून घराबाहेर टाकावें, आणि पावसाळ्याच्या तोंडीं चौकट सरळ खालीं उतरवून ठेवावी. लोखंडी खांब असेल तर त्याला जमिनींत चांगली अर्थिंग द्यावी. पण अर्थिंग आहे म्हणून वादळांत ऐकत बसावें, असा अर्थ कोणी घेऊं नये.

चौकट तयार झाली. आतां ती कोणीकडे करावी? येथें भूगोलाच्या भिंतीवरच्या नकाशानें फसूं नये. त्या नकाशांत अमेरिका आपल्या पश्चिमेस दूरवर दिसते. पण लहर नकाशावरून जात नाहीं, पृथ्वीच्या गोलावरून जाते. शाळेंतला पृथ्वीचा गोल घ्या, एक दोरा यवतमाळवर धरा आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणा. दोरा पश्चिमेकडे न जातां उत्तरेकडे, किंचित वायव्येस झुकून, ध्रुवप्रदेशाच्या अंगानें जातो. सॅन फ्रान्सिस्कोकडचा दोरा तर उत्तरेच्या उजव्या हाताला पडतो. म्हणजे एकाच देशाचे दोन किनारे आपल्या ध्रुवताऱ्याच्या दोन बाजूंना आहेत. हाँगकाँग जवळजवळ पूर्वेस. नैरोबी पश्चिमेच्या थोडें नैर्ऋत्येस. सायबेरियांतलें नोव्होसिबिर्स्क जवळजवळ सरळ उत्तरेस. लंडन वायव्येस आणि ऑस्ट्रेलियाचें पर्थ शहर आग्नेयेस. या शेवटच्या दोन दिशा एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत, हें ध्यानांत घ्यावें.

यांतून यवतमाळ शहरापुरती एक सोय निघते. येथून नागपूर नेमकें ईशान्येस आहे. दोन खांबांची ओळ नागपूरच्या रोखानें उभी केली, तर तारेचीं दोन तोंडें वायव्य आणि आग्नेय अशीं होतात. परावर्तक तार आग्नेयेच्या बाजूस ठेवली कीं कान युरोपकडे. चौकट खालीं घेऊन उलटवली आणि परावर्तक वायव्येकडे गेली कीं कान ऑस्ट्रेलियाकडे. आपल्या तारेचें तोंड बरेंच रुंद असतें, त्यामुळें आंठ-दहा अंशांची चूक चालते. होकायंत्र नसेल तर रात्रीं ध्रुवतारा पाहून जमिनीवर दोन खुंट्या ठोकाव्यात. दिशेसाठीं याहून विश्वासू साधन नाहीं.

दिशेइतकाच वेळहि निवडावा लागतो. पृथ्वीच्या वर सुमारें अडीचशें ते चारशें किलोमीटरांवर सूर्यप्रकाशानें विद्युद्भारित झालेला एक थर आहे. त्यावर आपटून या लहरी पुन्हां खालीं वळतात, म्हणूनच त्या क्षितिजापलीकडे पोंचतात. २७ मेगाहर्ट्झची लहर परतविण्याइतका तो थर दाट होण्यास ऊन हवें, आणि सूर्यहि जागा हवा. सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें अकरा वर्षांचें असतें. चालू चक्र डिसेंबर २०१९ मध्यें सुरू झालें आणि २०२४ सालीं तें भरांत होतें. डाग पुष्कळ असले कीं हा पट्टा दिवसभर गजबजतो. ते ओसरले कीं महिनेच्या महिने दूरचें कांहीं येत नाहीं. दोन्ही ठिकाणीं आणि मधल्या वाटेवर दिवस असावा, हा ढोबळ नियम. म्हणून पर्थसाठीं सकाळपासूनचा वेळ, आणि युरोपसाठीं आपली दुपार ते दिवेलागण. रात्रीं पट्टा बहुधा झोपतो.

ऐकावयाचें काय? सीबीवरील बोलणीं मिळतील तेव्हां मिळतील. तीं बहुधा परक्या भाषेंत आणि तुटक असतात. पण तार खरोखर दिशा धरते कीं नाहीं, हें तपासण्यासाठीं त्याच्या शेजारींच, २८.२०० मेगाहर्ट्झवर, एक उत्तम व्यवस्था आहे. जगांतल्या हौशी बिनतारीवाल्यांनीं निरनिराळ्या खंडांत अठरा ठिकाणीं खुणेचीं प्रक्षेपक यंत्रें बसविलीं आहेत. प्रत्येकाला दहा सेकंद मिळतात. तीन मिनिटांत सर्वांची पाळी संपते आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात होते. कांहीं यंत्रें मधूनमधून बंदहि असतात. प्रत्येक यंत्र मोर्सच्या कडकट्ट भाषेंत आपलें नांव सांगतें आणि मग चार लांब सूर काढतें: पहिला १०० वॅट शक्तीचा, दुसरा १० चा, तिसरा १ वॅटचा आणि चौथा वॅटच्या दहाव्या हिश्शाचा. आपल्याला किती सूर ऐकूं आले, हें मोजलें कीं तारेची परीक्षा झाली. पर्थच्या यंत्राचें नांव व्हीके ६ आरबीपी, फिनलंडचें ओएच २ बी. एकदां चौकट इकडे, एकदां तिकडे करून दोन्ही वेळीं सूर मोजा. वहींत तारीख, वेळ आणि सूर लिहा. या कामास ३० मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा आणि एसएसबीची सोय असलेला संच लागतो. साध्या संचावर मोर्सचा सूर उमटत नाहीं. आपण मापें २७.२ चीं घेतलीं तरी २८.२ वर तार काम देते, कारण किंचित लांब परावर्तक वरच्या लहरीला चालतो. आखूड परावर्तक मात्र खालच्या लहरीला निरुपयोगी. १४ जुलै २०१३ रोजीं आपल्या देशांतून तार पाठविण्याची सेवा बंद झाली. पण तारमास्तरांची ती भाषा आकाशांत अजून अशी जिवंत आहे.

एक अडचण मात्र जुन्या काळीं एवढी नव्हती. आज घरांतील एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि शेतावरील मोटारी चालविणारीं यंत्रें हीं सगळीं आपापला खरखराट आकाशांत सोडीत असतात. दूरचा क्षीण सूर त्यांत बुडतो. येथें दिशेच्या तारेचा खरा उपयोग कळतो. खरखराट कोठून येतो तें पाहावें आणि त्याच्याकडे तारेचें टोंक किंवा पाठ करावी. समोरचा आवाज वाढविण्यापेक्षां पाठीमागचा गोंगाट कमी केल्यानेंच पुष्कळदां सूर हातीं येतो. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली मोठी रेडिओ दुर्बीण याच न्यायानें काम करते. तेथें ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीचा आहे. जागा निवडतांना, तेथें माणसांनीं केलेला बिनतारी गोंगाट कमी आहे, हें एक मोठें कारण होतें. ताऱ्यांचें ऐकणाऱ्यांनाहि आधीं शांतता शोधावी लागली.

कायद्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ही तार मी ऐकण्यासाठीं सांगितली आहे, बोलण्यासाठीं नव्हे. भारतांत २००५ सालच्या नियमांनीं २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरण्यास मोकळा झाला, पण मर्यादा अशी कीं, प्रत्यक्ष फेंकली जाणारी शक्ति ५ वॅटपेक्षां अधिक नसावी. आतां विचार करा: चार वॅटचा संच अडीचपट करणाऱ्या तारेला जोडला, तर समोरच्या दिशेला दहा वॅट झाले. संच नियमांत, पण तार नियमाबाहेर! ज्याला या तारेनें बोलावेंसें वाटतें, त्यानें हौशी बिनतारीची सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा, आणि हौशी लोकांसाठीं राखलेल्या २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत खुशाल बोलावें. ती परीक्षा हुशार विद्यार्थ्याला अवघड नाहीं. डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामीनें अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हां तेथें गेलेल्या हौशी बिनतारीवाल्यांनींच माणसांच्या खुशालीचे निरोप बाहेर पोंचविले, हें आपणांस आठवत असेल. तशा वेळीं उपयोगी पडणारा माणूस एका दिवसांत तयार होत नाहीं. तो आधीं कित्येक वर्षें ऐकत बसलेला असतो.

कोणी म्हणेल, मास्तर, आतां हातांतल्या फोनवर सारें जग येतें. बीबीसीनें सुद्धां ३१ जानेवारी २०२० पासून हिंदी कार्यक्रम लघुलहरींवर देणें बंद केलें. मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. फोनवर जें येतें तें दुसऱ्यानें आणून दिलेलें असतें. मधल्या कोणत्याहि दुव्यानें हात आंखडला कीं तें थांबतें. या तारेवर जें येतें तें पर्थहून निघून थेट आपल्या गच्चीवर उतरतें. मधें कोणाचें कार्यालय नाहीं, कोणाचें बिल नाहीं. शिवाय तें येण्यासाठीं मुलाला त्रैराशिक करावें लागतें, पृथ्वीचा गोल हातांत घ्यावा लागतो, ध्रुवतारा ओळखावा लागतो, सूर्याचे डाग समजून घ्यावे लागतात आणि गांठ नीट मारावी लागते. इतके विषय एका दोरीवर ओंवणारा दुसरा पाठ मला आयुष्यभराच्या शिकवण्यांत सांपडला नाहीं.

आणि शेवटचें एक. १९२७ सालीं दौंडला जी तार उभी होती, ती कोणाच्या कामाची? सरकार, मोठे व्यापारी आणि वर्तमानपत्रें यांच्या. शब्दाला मोजून पैसे पडत, आणि ती तार इंग्लंडशिवाय दुसरीकडे कान करीत नसे, कारण कान कोणीकडे करावयाचा हें आपण ठरवीत नव्हतों. आज तीच विद्या, दोन तारा आणि दोन बांबूंच्या किंमतींत, घाटंजी किंवा उमरखेडच्या शाळेंतल्या कोणत्याहि मुलीच्या हातीं येऊं शकते. आणि तिनें कान पर्थकडे करावा कीं फिनलंडकडे, हें तिचें तिनें ठरवावयाचें आहे. येत्या सुट्टींत आपल्या घरीं एक चौकट बांधून पाहावी, आणि वहींतलीं पहिलीं दहा पानें मुलांच्या हातानें भरवून घ्यावींत, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.